मदतीला धावण्यापूर्वी

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय सुरतेत बसून ऐकायला जरा वेगळा वाटेल. डोंगरावरचा बर्फाचा थर सुटून खाली येतो, त्याला हिमस्खलन म्हणतात. त्यात गाडलेल्या माणसांना काढणाऱ्यांना कसे शिकवतात, यावर आज बोलायचे आहे. आपल्याला बर्फ माहीत आहे तो गोळ्याच्या गाडीवरचा. तरी हा विषय घेतला, कारण हिमालयात बर्फ येवो, सह्याद्रीत दरड येवो की उकाईतून पाणी येवो, बचावाचे मूळ नियम बरेचसे सारखे आहेत. बर्फात ते जास्त स्पष्ट दिसतात, कारण तिथे चूक सुधारायला वेळच मिळत नाही.

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये सुमारे १९,६०० फुटांवरच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला आणि मद्रास रेजिमेंटचे दहा जवान गाडले गेले. त्यांत साताऱ्याच्या माण तालुक्यातला एक जवान होता. सहाव्या दिवशी लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले, तेव्हा सारा देश देवापुढे बसला होता. ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचे निधन झाले. सहा दिवस तग धरणे हा अपवाद झाला. एरवी पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेली माणसे बहुतेक वाचतात, आणि अर्धा तास उलटला की वाचणारे निम्म्याहूनही कमी उरतात. म्हणजे हेलिकॉप्टर येईपर्यंत खेळ संपलेला असतो. जो वाचवतो, तो शेजारी उभा असलेला सोबती.

म्हणून या प्रशिक्षणाची पहिली पायरी सोबत्यासाठी असते. प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारे छोटे यंत्र, पाठीवर जोडता येणारी लांब सळई आणि फावडे. यंत्राने जागा हेरायची, सळई टोचून खोली पाहायची, मग खणायचे. खणण्याचीही रीत आहे. माणसाच्या डोक्यावर उभे राहून खणायचे नाही, उताराच्या खालच्या बाजूने आत शिरायचे. पुढचा थकण्याआधी मागच्याने त्याची जागा घ्यायची.

पण वरच्या पायरीचे प्रशिक्षण, म्हणजे ज्यांचे हेच काम आहे त्यांचे, फावड्यापाशी थांबत नाही. त्यांना बर्फात खड्डा खणून थर वाचायला शिकवतात. कोणत्या पावसाचा, कोणत्या वाऱ्याचा थर कुठे बसला आहे आणि मधला कच्चा थर कोणता, हे बघायचे. साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार सगळ्यात धोक्याचा, तो नजरेने ओळखायचा. उतार ओलांडायचा तर एकेकाने, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर डोळा ठेवायचा. आणि सगळ्यात अवघड धडा म्हणजे ‘आज रस्ता बंद’ असे सांगायचे, आणि समोर कितीही मोठा माणूस उभा असला तरी त्यावर ठाम राहायचे.

हा शेवटचा धडा आम्हा सरकारी नोकरांना चांगलाच कळतो. धोका दिसला म्हणून जागा रिकामी केली आणि काही घडले नाही, तर लोक हसतात. रिकामी केली नाही आणि घडले, तर हसायला कोणी उरत नाही. प्रशिक्षण माणसाला त्या हसण्याची तयारी देते.

आता आपल्या सह्याद्रीकडे येऊ. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गेले. १५१ माणसे गेली. बाहेरच्या जगाला ते कळले कसे? सकाळच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा. त्यानंतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून पोहोचले आणि अनेक दिवस चिखल उपसत राहिले. गावच्या गाव गाडले जाते, तेव्हा शेजारचा सोबतीही गाडलेला असतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. वाडीला रस्ता नाही. पाऊस, काळोख, निसरडी वाट आणि तासा-दीड तासाची चढण. जेसीबी वर नेता आला नाही, हातांनीच खणावे लागले. खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारखी डोंगर ओळखणारी मुले सुरुवातीलाच पोहोचली, कारण त्यांचे पाय त्या वाटेला सरावलेले होते. मदतीला निघालेले नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराच्या झटक्याने गेले. त्यांच्या कर्तव्यनिष्ठेपुढे आपण मान झुकवू. पण ती घटना आणखी एक गोष्ट सांगते. आग विझवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसालाही रात्रीचा डोंगर ही वेगळी परीक्षा असते, आणि तिचा सराव वेगळाच करावा लागतो. तिथे २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली आणि चौथ्या दिवशी शोध थांबवला गेला. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

आम्ही डिप्लोमावाले मातीचा उतार कागदावर काढायला शिकतो. डोंगर मात्र कागद बघत नाही. तो आधी खुणा देतो. जमिनीला नवी भेग पडते. झाडे, विजेचे खांब कलतात. दारे चौकटीत अडकू लागतात. झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होते किंवा नवीनच जागी फुटते. घाटातून गावी जाता-येता किंवा कोकणातल्या घरी राहताना असे काही दिसले, तर सामान न बघता बाजूला व्हावे, ओढ्याच्या वाटेत थांबू नये आणि तहसील कार्यालयाला कळवावे. वरंध घाट पावसाळ्यात बंद ठेवतात, तेव्हा आपण वैतागतो. तो वैताग गिळावा.

दरड पडल्यानंतरचेही नियम आहेत. एक माणूस फक्त वर डोंगराकडे बघत उभा ठेवायचा, कारण त्याच वाटेने दुसरी दरड येऊ शकते. ढिगाऱ्यावर घोळक्याने चढायचे नाही, खाली कोणी पोकळीत असेल तर आपल्या वजनाने ती बसते. ज्याचा पाय तासन्‌तास दगडाखाली दाबला गेला आहे, त्याला घाईने ओढून काढले तर अडकलेल्या रक्तातले विष एकदम शरीरभर पसरते आणि बोलत असलेला माणूस काही वेळात दगावू शकतो. म्हणून आधी वैद्यकीय मदत, मग दगड. आणि ठरावीक वेळाने सगळे आवाज बंद करून कान द्यायचा.

त्यासाठी जगभरच्या बचाव पथकांनी शिट्टीची एक भाषा ठरवली आहे. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा, शांत राहा. एक लांब आणि एक आखूड म्हणजे काम पुन्हा सुरू. तीन आखूड म्हणजे सगळे सोडून बाहेर पडा. आपल्या मिरवणुकीत प्रत्येक कार्यकर्त्याच्या गळ्यात शिट्टी असते आणि सगळे एकाच वेळी वाजवतात! हे तीन इशारे पाठ केले, तर विसर्जनाच्या गर्दीतही उपयोगी पडतील.

प्रशिक्षित हात काय करू शकतात, ते वायनाडला दिसले. तिथेही तारीख ३० जुलैच होती, माळीणनंतर बरोबर दहा वर्षांनी, २०२४ साली. चूरलमलाचा पूल वाहून गेला होता. मद्रास इंजिनिअर ग्रुपच्या जवानांनी १९० फुटांचा बेली पूल दीड दिवसाच्या आत उभा केला आणि पलीकडे यंत्रे पोहोचली. त्या कामात पुढे होत्या मेजर सीता शेळके, आपल्या नगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यातल्या. त्या पुलाचा प्रत्येक भाग कुठे बसतो, हे त्या हातांना आधीच माहीत होते. त्या रात्री शिकायला बसले असते, तर पूल झाला नसता.

आणि आपली सुरत? ऑगस्ट २००६ इथल्या कोणाला विसरता येईल? उकाईतून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सुटले, शहराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग पाण्यात गेला. रांदेर, अडाजणला लोक गच्च्यांवर बसले. ९ तारखेला राखीपौर्णिमा होती, म्हणजे समुद्रालाही उधाण, नदीचे पाणी जाईना. आपल्यापैकी अनेकांचे मूळ गाव खानदेशात. तापी तिथूनच येते. भुसावळकडे पाऊस झाला की इथे उकाईची पातळी बघायची, ही आपल्या घराघरातली विद्या आहे. बर्फातला माणूस थर वाचतो, आपण नदी वाचतो. ही विद्या मुलांना, सुनांना, नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूंनाही द्यायला हवी.

आपल्याकडे शिकवणाऱ्या संस्थांची वाण नाही. गांधीनगरला गुजरात आपत्ती व्यवस्थापन संस्था आहे. वडोदऱ्याजवळ जरोदला एनडीआरएफची सहावी तुकडी आहे. महाराष्ट्राच्या राज्य दलाचे एक पथक धुळ्यातच असते. साध्या नागरिकांसाठी केंद्राची ‘आपदा मित्र’ योजना आहे, तिचे शिक्षण बारा दिवसांचे. बारा दिवस म्हणजे आपल्या ढोलपथकाच्या सरावापेक्षाही कमी!

म्हणून मंडळापुढे आमची एक सूचना आहे. पुढच्या उत्सवापर्यंत प्रत्येक वसाहतीतून दोन जण, शक्य तर एक मुलगा आणि एक मुलगी, असे प्रशिक्षण घेऊन यावेत. त्यांची नावे आरतीच्या फलकाशेजारी लागावीत. ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांकही तिथेच लिहावेत. वर्षातून एकदा जिन्यावरून खाली येण्याचा, गच्चीवर जाण्याचा सराव व्हावा. त्या दिवशी लोक हसतील. हसू द्यावे.

बाप्पाला आपण विघ्नहर्ता म्हणतो. विघ्न आले की तो धावून येतो, ही आपली श्रद्धा आहे. पण त्याच्याच हाती अंकुश आहे. मदतीला धावणारे पाय आपल्या समाजात कधीच कमी पडलेले नाहीत. त्या पायांना कुठे थांबायचे हे शिकवले, तर गेलेले सगळे परत येतील.

 गणपती बाप्पा मोरया!