नर्मदेकाठचा समुद्र



आपल्यापैकी पुष्कळांच्या देवघरात शाळिग्राम असेल. काळा, गुळगुळीत गोटा, आणि फुटलेल्या बाजूने दिसणारे चक्र. हे चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्रात राहणाऱ्या प्राण्याचा शंख. हा प्राणी आज पृथ्वीवर कोठेही उरलेला नाही. गंडकी नदी हे गोटे हिमालयातून, नेपाळातून, खाली आणते, आणि ते पंधरा कोटी वर्षांच्या सुमाराचे आहेत. म्हणजे जेथे आज हिमालय आहे तेथे एके काळी समुद्र होता, ह्या गोष्टीचा पुरावा आपण रोज गंधफूल वाहून जपून ठेवीत आलो आहोत. श्रद्धेला ह्यामुळे बाध येतो असे मला वाटत नाही. पुराव्याची इतकी काळजी आम्ही शास्त्रज्ञही घेत नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. मीरा-भाईंदरच्या एका अंगाला वसईची खाडी, पश्चिमेस उत्तनचा समुद्र, मध्ये मिठागरे. भोवती इतके खारे पाणी असूनही येथील टेकड्यांत जुन्या समुद्राचा मागमूस नाही. घोडबंदरकडचा काळा कातळ ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. मनोरीकडे फिकट रंगाचा ट्रॅकाइट नावाचा खडक दिसतो, तोही अग्निजन्यच, आणि त्याचे वय सुमारे ६ कोटी वर्षे. महाराष्ट्राचा फार मोठा भाग ह्या लाव्ह्याखाली झाकला गेला आहे. त्यापूर्वीचा समुद्र पाहायचा असेल तर लाव्ह्याचे हे पांघरूण जेथे फाटले आहे तेथे जावे लागते. आपल्याला जवळची अशी जागा म्हणजे नर्मदेचे खोरे, धार जिल्ह्यातील बाघ हे गाव.

बाघ म्हटले की आपणांस तेथील बौद्ध लेणी व त्यांतील चित्रे आठवतात. ती लेणी ज्या वालुकाश्मात कोरली आहेत त्यास भूशास्त्रात निमाड वालुकाश्म म्हणतात. त्याच्या वर गाठीगाठींचा चुनखडक, त्यावर देवळा व चिराखान ह्या गावांच्या नावाने ओळखला जाणारा मातकट चुन्याचा थर, त्यावर पुन्हा चुनखडक, आणि सर्वांच्या वर, कोट्यवधी वर्षांनी येऊन पसरलेला लाव्हा. चुनखडकाचे थर सारे मिळून वीस मीटरांच्या आतबाहेर, म्हणजे पाचसहा मजली इमारतीएवढे. सगळ्यात वरच्या चुनखडकास इंग्रजांनी प्रवाळाचा चुनखडक असे नाव दिले. प्रत्यक्षात त्यात प्रवाळ नाही म्हटले तरी चालेल. तो ब्रायोझोआ नावाच्या अगदी बारीक, वसाहत करून राहणाऱ्या जीवांच्या कवचांचा चुरा आहे. पण एकदा बारसे झाले की नाव बदलणे कठीण, हे माणसांप्रमाणेच खडकांचेही.

ह्या खडकांची कथा मुंबईपासून सुरू होते. हेन्री कार्टर हा कंपनी सरकारचा डॉक्टर १८४४ ते १८४६ ह्या काळात ‘पॅलिन्युरस’ ह्या मोजणीच्या जहाजावर अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्याला हिंडला आणि तेथील जीवाश्म त्याने गोळा केले. पुढे मुंबईत राहून त्याने ह्या बेटाच्या भूरचनेवरही लिहिले. इकडे नर्मदेच्या खोऱ्यात कीटिंग नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने बाघच्या परिसरातून काही जीवाश्म जमविले. हे दोन्ही संग्रह विलायतेत मार्टिन डंकन ह्या एकाच पंडिताच्या मेजावर आले. १८६५ साली त्याने लिहिले की अरबस्तानातील आणि बाघमधील सी-अर्चिनांत एकाच जातीचे नमुने आहेत.

सी-अर्चिन म्हणजे खडकाळ किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या डबक्यांत सापडणारा काटेरी, गोल प्राणी. तो गोड्या पाण्यात जगतच नाही. तेव्हा एक सी-अर्चिन सापडला की वाद मिटला : तेथे तळे नव्हते, नदी नव्हती, खरा समुद्र होता. आणि तो समुद्र अरबस्तानच्या समुद्राशी जोडलेला होता. वर्ष साधारण आजपासून नऊ-साडेनऊ कोटी मागे. काठेवाडातील वढवाणपासून पूर्वेस बडवाहपर्यंत ह्या थरांचे तुकडे तुटक तुटक सापडतात. म्हणजे पश्चिमेकडून समुद्राचा एक लांबट हात देशाच्या पोटात शिरला होता, आणि आज ज्या वाटेने नर्मदा समुद्राकडे जाते त्याच वाटेने तेव्हा समुद्र आत आला होता.

गंमत अशी की त्याच युगाच्या समुद्राचे खडक तिकडे तमिळ देशात तिरुचिरापल्लीजवळही आहेत, आणि तेथील शंखशिंपले बाघच्या मानाने फारच निराळे. ब्लॅनफर्डने १८६९ मध्ये नर्मदा-तापी खोऱ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन समुद्रांच्या मध्ये आफ्रिकेपर्यंत जाणारी जमीन आडवी असली पाहिजे, आणि ती पुढे बुडाली, असा तर्क त्याने मांडला. भूखंड सरकतात हे त्या काळी कोणास ठाऊक नव्हते. आज आपण म्हणतो की त्या वेळी भारत आणि मादागास्कर एकत्र होते व सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी ते विलग झाले. मध्ये जमीन होती हे खरे ठरले. ती बुडाली नाही, फाटून दूर गेली.

ह्या सगळ्या थोर मंडळींच्या कामात एक उणीव होती. जीवाश्म गोळा करणारा एक, पाहणारा दुसरा, आणि दोघांत सहा हजार मैलांचे अंतर. ओढ्यात सुटा पडलेला शंख वरच्या थरातून घरंगळला की खालच्या, हे लंडनमधून कसे कळावे? १९०० नंतर व्रेडेनबर्गने तेथील अमोनाइटांचा अभ्यास केला व एकाला व्हाइसरॉय मिंटोंचे नाव दिले. तरी थरांच्या वयाबद्दलचा वाद चालूच राहिला.

येथे जी. डब्ल्यू. चिपळूणकर ह्यांचे नाव घ्यावयास हवे. आपल्या मराठी समाजात हे नाव दुसऱ्याच चिपळूणकरांमुळे प्रसिद्ध आहे. ह्या चिपळूणकरांना भूशास्त्राबाहेर फारसे कोणी ओळखत नाही. बनारस हिंदु विश्वविद्यालयात असताना १९३७ मध्ये बाघच्या सी-अर्चिनांवरील त्यांचा निबंध रामन ह्यांनी काढलेल्या भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आला. पुढील पाच वर्षांत शिंपले, ब्रायोझोआ, अमोनाइट, शंख असे एकामागून एक निबंध आले. त्या यादीत एकही आकर्षक मथळा नाही. प्राण्याचे नाव आणि ‘बाघच्या थरांतून’, एवढेच. तीस-पस्तीस वर्षांनंतर पुण्यास महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, बडवे, घारे, तपस्वी ह्या सहकाऱ्यांसह ते पुन्हा त्याच वीस मीटरांपाशी आलेले दिसतात. तिरुचिरापल्लीचे खडकही त्यांनी हाती घेतले. म्हणजे दोन्ही समुद्रांचे दप्तर एकाच अभ्यासगटाच्या मेजावर आले, आणि ह्या वेळी ते मेज विलायतेत नव्हते.

ह्या दुसऱ्या पर्वात त्यांनी जीवाश्मांबरोबर जीवांच्या खुणांकडे लक्ष दिले. खुणा म्हणजे बिळे, सरपटल्याच्या रेघा, चरल्याचे माग. हे काम मला स्वतःला सर्वांत मोलाचे वाटते. आपण भाईंदरच्या खाडीवर ओहोटीच्या वेळी उभे राहा. चिखलात चिंबोऱ्यांची बिळे दिसतील, निवट्यांनी उड्या मारीत काढलेल्या रेघा दिसतील. उत्तनच्या वाळूत बिळे आहेत, पण ती वेगळ्या तऱ्हेची, कारण तेथे लाटा आहेत. आता हाच चिखल दगड झाला असे समजा. नऊ कोटी वर्षांनी येणारा माणूस ती बिळे पाहून सांगेल की येथे पाणी उथळ व संथ होते, तेथे लाटा आपटत होत्या. शंख मेल्यावर वाहत जाऊन भलत्याच ठिकाणी गाडला जाईल. अमोनाइट तर तरंगत कोठेही जाईल. बीळ वाहून येत नाही. ते ज्या थरात आहे तेथेच त्याचा धनी राहत होता.

अशा कामाचा उपयोग काय, हा प्रश्न व्याख्यानानंतर हमखास येतो, म्हणून आधीच उत्तर देतो. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ ह्या रिगने आपल्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरांवर तेल शोधले. ते बॉम्बे हाय. ते तेलही समुद्राच्या जुन्या चुनखडकातच आहे, मात्र बाघपेक्षा पुष्कळ अलीकडच्या, मायोसीन काळातल्या. विहीर खणताना वर येणाऱ्या खडकाच्या चुऱ्यात डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म कवचे असतात. त्यांवरून आपण कोणत्या वयाच्या थरात आहोत ते ओळखतात. हे ओळखणारी दृष्टी शंखशिंपल्यांची वर्गवारी करीत बसलेल्या माणसांनीच तयार केली. असो, उपयोग नसता तरी मी हे व्याख्यान दिले असते.

शेवटी आपल्या दारातली गोष्ट. ह्या शहरात इमारतींसाठी पाया खोल नेतात तेव्हा कित्येक ठिकाणी करडी, चिकट माती वर येते, तीत शिंपल्यांचे तुकडे असतात. ही खाडीची माती, काही हजार वर्षांची. कालवे, तिसऱ्या ज्यांनी खाल्ल्या आहेत त्यांना त्यातली निम्मी कवचे ओळखता येतील. कवचातील कार्बनवरून तिचे वय काढता येते, आणि खोली ठाऊक असेल तर त्या वेळी भरतीचे पाणी कोठवर येत होते ह्याचा अंदाज करता येतो. पण ट्रक भरून ती भरावाला जाते, आणि एकदा गेली की कोणत्या खोलीची हे कोणास सांगता येत नाही. आपल्या सोसायटीचे काम निघाले, तर ठेकेदाराकडून मूठभर माती मागून घ्या. पिशवीवर जागा, तारीख आणि किती मीटर खाली ती सापडली एवढे लिहा, आणि जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्राच्या शिक्षकांकडे नेऊन द्या.