पतीचा शोध : शाहजोग हुंडीपासून मोबाइलपर्यंत



जुन्या पेढ्यांवर शाहजोग हुंडी चालत असे. बाजारात ज्याची पत आहे अशा शाहाच्याच हाती रक्कम पडावी, हा तिचा अर्थ. त्या हुंडीत रक्कम एकदा लिहून भागत नसे. 'रुपये १०००, निमे रुपये ५००, त्याचे दुप्पट' अशी ती फिरून लिहिली जाई. एखादे शून्य वाढविण्यास जागाच उरत नसे. हुंडी हरवली तर पैठ निघे, तीही गहाळ झाली तर परपैठ. परंतु या साऱ्या खबरदारीचा आधार केवळ कागद नव्हता. आलेल्या मनुष्यास ओळखतो कोण, हे विचारल्याखेरीज रोकड हलत नसे.

२०१६ साली यूपीआय आले. आज भाजीच्या गाडीवरही क्यूआर कोडची पाटी दिसते. या सोयीस नावे ठेवण्याचे कारण नाही. सुट्ट्या पैशांची कटकट तिने संपविली, हे कोणताही दुकानदार मान्य करील. मात्र रक्कम क्षणार्धात पोहोचते, हा तिचा गुण असला तरी चौकशीस पूर्वी जी उसंत मिळे ती आता राहिलेली नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाच्या वर्धमान समूहाचे अध्यक्ष पद्मभूषण एस. पी. ओसवाल यांना तोतया अधिकाऱ्यांनी व्हिडिओ कॉलवरून 'डिजिटल अटके'त ठेवले, सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणी दाखविली आणि ७ कोटी रुपये काढून घेतले. त्यांपैकी सुमारे सव्वापाच कोटी पोलिसांनी परत मिळविले. सूत व कापडाच्या व्यवसायातील एवढा मुरब्बी पुरुष जेथे फसतो, तेथे 'अडाणी माणसेच फसतात' हे म्हणणे सोडून द्यावे. ओसवाल यांनी पुढे येऊन हा प्रकार उघडपणे सांगितला, हे त्यांचे उपकारच होत.

अशा टोळ्यांची पहिली आज्ञा असते, 'कोणाजवळ बोलू नका.' शेजारच्या पेढीवर विचारण्याची वाट त्या प्रथम बंद करतात. वास्तविक भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची तरतूदच नाही. एवढे सांगणारा कोणी एक जवळ असता तर कितीतरी घरे वाचली असती. परंतु मुले परगावी, घरी दोघेच वृद्ध, आणि फसल्यावर लोक काय म्हणतील ही लाज! त्या लाजेपायी १९३० या साहाय्य क्रमांकावर फोन करण्यास दोन दोन दिवस लागतात. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तरच तो गोठविता येण्याची आशा असते. दुपारच्या वेळी वृद्धांना निःसंकोच फोन करता येईल अशी दोन-तीन तरुण मंडळी प्रत्येक गल्लीत नेमणे समाजास अवघड नाही.

एक गोष्ट मात्र घरचीच आहे. समाजाची निर्देशिका आणि वधू-वर परिचय पुस्तिका पूर्वी छापील असे आणि कपाटात राहत असे. आता तिची पीडीएफ व्हॉट्सअॅपवरून कोठल्या कोठे जाते. पत्ता, जन्मतारीख, वार्षिक उत्पन्न, आईवडिलांचे मोबाइल क्रमांक, सारे एका पानावर! तोतयास याहून अधिक काय हवे? पुढील आवृत्ती निघण्यापूर्वी विश्वस्त मंडळाने प्रत्येक कुटुंबाची संमती घ्यावी, पूर्ण जन्मतारखेऐवजी जन्मवर्ष द्यावे, उत्पन्नाचा रकाना गाळावा आणि संपर्कासाठी संस्थेच्या कार्यालयाचाच क्रमांक छापावा. स्थळ पाहणाऱ्यांस एक फोन अधिक करावा लागेल, इतकेच.