झेंडूच्या फुलाचा माग
(वसंत व्याख्यानमालेत भिलाई येथे दिलेले व्याख्यान)



गेल्या लग्नसराईत इथल्या सुपेल्यात एका वरातीपायी माझी गाडी अर्धा तास अडकली. पुढे धुमाल चालला होता. ढोल, ताशा आणि गाडीवर ठेवलेला कीबोर्ड. वाजत होते ‘ससुराल गेंदा फूल’. शेजारचा रिक्षावाला मला म्हणाला, “सर, ये तो फिल्मवाला है, असली दूसरा है.” त्याने अर्ध्या मिनिटात ‘असली’ गुणगुणूनही दाखवले. सिग्नल सुटला आणि तो निघून गेला. माझे मात्र तेव्हापासून सुटलेले नाही.

चालीचा माग उलटा काढावा लागतो. २००९ च्या ‘दिल्ली ६’ पासून सुरुवात करू. संगीत ए. आर. रहमान यांचे, गीतकार प्रसून जोशी, मुख्य आवाज रेखा भारद्वाज यांचा. देशाला हे गाणे तेव्हा कळले, तेही ‘लोकगीत’ म्हणून. पण ते १९७० च्या दशकातच रायपूरच्या जोशी भगिनींच्या तोंडी होते. त्यांच्या पाठात एक गंमत आहे. ‘ससुराल’ हा शब्द त्या जागी नाहीच. तिथे ‘करार’ आहे आणि ‘गेंदा’चा ‘गोंदा’ आहे. एक शब्द बदलला आणि सासूच्या शिव्यांचे, नणंदेच्या टोमण्यांचे खट्याळ गाणे एकदम सासरचे गोड गाणे झाले. परवा एका शाळेच्या स्नेहसंमेलनात आपल्याच दुर्गच्या मुली ‘ससुराल’ म्हणत नाचल्या. त्यांच्या आज्या पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या.

जोशी भगिनींच्या मागे उभे आहेत भुलवाराम यादव. हे नाव लक्षात ठेवा. १९५८ मध्ये दिग्दर्शक हबीब तन्वीरांनी ‘मिट्टी की गाडी’ या नाटकासाठी जे सहा छत्तीसगढी नट दिल्लीला नेले, त्यांतले ते एक. नाचा या छत्तीसगढी लोकनाट्याच्या रंगमंचावरचा गाता गडी. आणि शब्दांचे कर्ते म्हणून जाणकार गंगाराम शिवारे यांचे नाव घेतात. म्हणजे ज्याला आपण बिनधास्त ‘पारंपरिक’ म्हणतो, त्याला नाव असलेला माणूस आहे. माझा अनुभव असा की ‘पारंपरिक’ हे बहुतेक वेळा चौकशी थांबल्याचे लक्षण असते.

आता नाचा. इथे जरा थांबू, कारण चाल इथे बदलली. पूर्वी नाचा ‘खड्या साजा’चा असे. वादक उभ्या उभ्या वाजवत, वाद्य कमरेला बांधलेले, मशालीचा उजेड आणि चिकारा. चिकाऱ्याला पडदे नसतात. बोट तारेवरून घसरते, त्यामुळे दोन सुरांच्या मधली जागाही वाजते. राजनांदगावजवळच्या रवेलीचे दाऊ मंदराजी यांनी नाचाची मंडळी बांधली आणि साजात पेटी आणली. पेटीने नाचाला बसायला शिकवले, आणि सुरांनाही. पेटीत पट्टी आहे किंवा नाही, अधलेमधले काही नाही. माझ्या कानाला तरी ददरियाची ओळ शेवटच्या अक्षरावर जी लोंबते, ती पेटीवर सरळ खाली उतरते. दोन पट्ट्यांच्या मधे ती पूर्वी राहायची.

ददरिया म्हणजे आपल्या ओवीची शेतातली बहीण समजा. दोन ओळींचा खेळ. पहिली ओळ पुष्कळदा यमकापुरती, अर्थ दुसरीत. रोवणीच्या वेळी या बांधावरून एकाने टाकावी, त्या बांधावरून दुसऱ्याने उचलावी.

मग ही गाणी पुस्तकात सापडतात का ते पाहू म्हटले. हिरालाल काव्योपाध्याय यांचे छत्तीसगढी व्याकरण ग्रिअर्सनने १८९० मध्ये इंग्रजीत छापले. त्यात गाणीही आहेत. व्हेरिअर एल्विनचा छत्तीसगढच्या लोकगीतांचा ग्रंथ १९४६ चा, मैकल टेकड्यांच्या गाण्यांचा १९४४ चा. या दुसऱ्या पुस्तकावर एल्विनच्या जोडीने शामराव हिवाळे यांचे नाव आहे. आपला मराठी माणूस! १९३०च्या दशकापासून मंडल्याच्या करंजियाला गोंडांमध्ये राहिलेला, पण मराठी वाचकाला एल्विन ठाऊक आणि हिवाळे नाही. असो. एल्विनच्या या पुस्तकांत गाणी आहेत, तीही इंग्रजी होऊन. चाल नाही. यमकापुरती आलेली पहिली ओळ इंग्रजीत गेली की बिचारी पोरकी होते, कारण तिच्यावर उभे राहायला यमकच उरत नाही.

आयर्लंडकडे पाहिले की हेवा वाटतो. १७९२ मध्ये बेलफास्टला जमलेल्या वृद्ध हार्पवादकांच्या चाली एडवर्ड बंटिंग या तरुणाने उतरवल्या आणि १७९६ ला छापल्या. पुढे फ्रान्सिस ओनील हा शिकागोचा पोलीसप्रमुख, मूळचा कॉर्कचा. शिकागोतल्या आयरिश वादकांच्या बोटांतल्या नृत्याच्या चाली त्याने गोळा केल्या. त्या स्वरलिपीत लिहिण्याचे काम जेम्स ओनील या पोलिसाने केले. १९०३ च्या त्यांच्या संग्रहात १८५० चाली आहेत. पोट भरायला परक्या औद्योगिक शहरात आलेल्यांनी गावची चाल जपावी, हे भिलाईकराला वेगळे सांगायला नको. आपणही पोलादाच्या भट्टीच्या मागोमाग इथे आलो.

पण तिथेही छापील चालीने आणि तबकडीने घोळ घातलाच. न्यूयॉर्कमध्ये मायकेल कोलमन या स्लायगोच्या फिडलवाल्याच्या तबकड्या निघाल्या. त्या आयर्लंडला परतल्या, आणि गावोगावचे लोक आपापली ढब सोडून त्याच्यासारखे वाजवू लागले. आपल्या दुर्गच्या मुली आठवा.

म्हणून मी पुस्तक बाजूला ठेवले आणि कॅसेटी गोळा करू लागलो. आता वाजवतो ती कॅसेट सत्तर-ऐंशीच्या दशकातली, फीत दोनदा तुटून चिकटवलेली. मधे एकदा आवाज बुडेल, घाबरू नका. पहिली दोन कडवी जाऊ द्या. तिसऱ्याला ओळ संपते तिथे कान द्या, आणि पेटीपेक्षा गाणारीचा सूर किती वेळ वर राहतो ते मोजा.