पंडित भातखंडे आणि लिहून ठेवलेले गाणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी दोन शब्द बोलावे असे कार्यकारिणीने ठरविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नाही. पण आपल्या मंडळाच्या गायनवर्गात आपण वहीत ज्या खुणा करतो, त्या घालून देणाऱ्या माणसाविषयी जे वाचले, ते घरगुती भाषेत सांगावे म्हणून उभी राहिले आहे.

कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर टिंब. समेला फुली, खालीला शून्य. एवढ्या खुणा कळल्या की न ऐकलेल्या गाण्याचाही माग लागतो. ही लिपी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची.

त्यांचा जन्म मुंबईला वाळकेश्वरी, १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी झाला. शिकून वकील झाले; काही काळ कराचीलाही वकिली केली. पण जीव गाण्यात. मुंबईच्या पारशी मंडळींनी चालविलेल्या गायनोत्तेजक मंडळीत ते तरुणपणीच जाऊ लागले होते. पुढे १९०० साली पत्नी गेली, १९०३ साली मुलगी गेली. भगिनींनो, असे घर ओस पडल्यावर माणूस खचतो. यांनी १९०४ साली प्रवासाची पिशवी उचलली.

प्रथम दक्षिणेत मद्रास, तंजावर, मदुरा. नंतर नागपूर, कलकत्ता. १९०८ साली अलाहाबाद, काशी, लखनौ, दिल्ली, जयपूर. जेथे जावे तेथे गवयांना भेटावे, जुन्या पोथ्या पाहाव्या, प्रश्न विचारावे आणि दिवसाची हकिगत रोजनिशीत लिहावी. त्या काळी चीज म्हणजे घरातले सोने. बाप मुलाला देई, परक्याला नाही. ती मिळविण्यासाठी हा शिकलेला वकील उस्तादांपुढे शिष्य होऊन बसला. जयपूरचे महंमद अली खाँ यांच्या घराण्याकडून त्यांना कित्येक चिजा मिळाल्या. त्या त्यांनी कुलुपात ठेवल्या नाहीत. 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत हजाराहून अधिक चिजा स्वरलिपीसह छापल्या. शेवटचे दोन भाग तर त्यांच्या मृत्यूनंतर बाहेर आले.

'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा मोठा ग्रंथ त्यांनी आपल्या मराठीत लिहिला. पहिला भाग १९१० साली निघाला. शिष्य विचारतो आणि गुरू उत्तर देतो, अशी त्याची मांडणी आहे. त्यामुळे माझ्यासारखीलाही दोन पाने वाचून अडल्यासारखे वाटत नाही. ते स्वतः रचनाही करीत. 'चतुर' या नावाने त्यांनी लक्षणगीते रचली. लक्षणगीत म्हणजे ज्या रागात गायचे, त्याच रागाची माहिती शब्दांत. कोणता स्वर घ्यावा, कोणता टाळावा, हे गाता गाता पाठ होते. लाडवाचे प्रमाण ओवीत बांधून सुनेला शिकवावे, तसेच हे.

आता त्यांच्या पत्रांविषयी. लखनौकडे राय उमानाथ बली नावाचे संगीतप्रेमी तालुकदार होते. संगीताचे कॉलेज काढावे, हा दोघांचाही ध्यास. मुंबईहून भातखंडे त्यांना पत्रे लिहीत. ती जपून राहिली व पुढे छापली गेली. कॉलेज कसे उभे करावे, शिकवायला कोण घ्यावे, काय शिकवावे, याचा खल पत्रांतून चाले. १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झाले. आज तेथे भातखंड्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. शेकडो मैलांवरून टपालाने केवढे काम उभे राहते, हे त्यावरून कळते.

त्या कॉलेजात त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर आले आणि १९२८ साली प्राचार्य झाले. तेही मुंबईचे. 'सुजान' या नावाने त्यांनी खूप चिजा बांधल्या. सुमती मुटाटकर या त्यांच्या शिष्या पुढे दिल्ली विद्यापीठात संगीताच्या प्राध्यापिका झाल्या. ज्या विद्येला चांगल्या घरची मुलगी हात लावीत नसे, ती शाळेच्या फळ्यावर आली, म्हणून बाईच्या वाट्याला आली. हे उपकार मला सर्वांत मोठे वाटतात.

कोणी म्हणतात, कागदावर गाणे मावत नाही. मींड आणि गळ्याचा ओलावा लिहिता येत नाही. ते खरेच आहे. सर्व राग दहा थाटांत बसविणेही पुष्कळांना पटलेले नाही. पण पत्रातही माणूस येत नाही, तरी माहेरचे पत्र आपण उराशी धरतो. काहीच न येण्यापेक्षा ते किती बरे!

१९३३ साली त्यांना अर्धांगवायू झाला. तीन वर्षे अंथरुणात काढून १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीला, ते गेले.

भगिनींनो, हे सारे आज सांगण्याचे कारण आपल्या मेहरूणमध्येच आहे. आखाजीला झोक्यावर म्हणायची गाणी, कानबाईची गाणी, लग्नात हळदीला म्हणायची गाणी कोणाकोणाला येतात, मोजून पाहा. आमच्या गल्लीतल्या एक आजी मागच्या वर्षी वारल्या. त्यांना गौराईची इतकी गाणी येत की रात्र सरे. ती त्यांच्याबरोबर गेली. आपल्या जवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी घरच्या मुलांनी टिपून ठेवली, म्हणून त्या १९५१ साली गेल्या तरी १९५२ साली पुस्तक निघाले आणि महाराष्ट्राला त्या कळल्या. टिपणारे कोणी नसते तर?

माझी मंडळाला सूचना एवढीच आहे. एक मोठी वही आणावी. दर शनिवारी एका म्हाताऱ्या बाईच्या घरी दोघींनी जावे. एकीने शब्द लिहावे, अहिराणीतले जसेच्या तसे, सुधारू नयेत. गायनवर्गातल्या दुसरीने चालीचे स्वर मांडावे. चुकले तर पुढच्या शनिवारी पुन्हा ऐकावे. लिहिता येणारी सून आणि गाता येणारी सासू एका घरात असतील, त्यांनी तर आजच रात्री सुरुवात करावी.

पुढच्या वर्धापनदिनी ती वही या टेबलावर असावी, एवढी इच्छा सांगते आणि आपली रजा घेते.