विद्रूपाची जागा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजचा विषय जरा विचित्र आहे. किंबहुना विचित्र हाच विषय आहे. भेसूर, ओंगळ, अक्राळविक्राळ, वेडेविद्रे, विद्रूप असे कितीतरी शब्द आपल्या बोलण्यात येतात. जे पाहून भीती वाटते, किळस येते, आणि तरीही पुन्हा मान वळवून पाहावेसे वाटते, कधी हसूही फुटते, त्याला आपण हे शब्द लावतो. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले. त्यांत शृंगार आणि करुण यांच्या पंगतीला भयानक आणि बीभत्स यांनाही बसवले. शहाण्या माणसांनी विद्रूपाला दारातून हाकलले नाही, त्याला पाट मांडून दिला. तो का दिला, हे माझ्या अल्पबुद्धीला जसे उमगले तसे सांगते.

आधी घरातलेच पाहू. बाळाला न्हाऊमाखू घालून झाले की आई त्याच्या गालाला काजळाची तीट लावते. इतका गोजिरा चेहरा, आणि त्यावर डाग लावणारी खुद्द आई! पूर्वी ज्या घरी मुले जगत नसत त्या घरी मुलाचे नाव दगडू, धोंडू, केरू, भिकू ठेवीत. यमालासुद्धा न्यावेसे वाटू नये, हा हेतू. दृष्ट लागते की नाही हा वाद निराळा, माझ्या मते नाही लागत. पण ते ओबडधोबड नाव मायेने ठेवलेले असे. उलट सातारा जिल्ह्यात मुलीवर मुलगी झाली की तिला ‘नकोशी’ म्हणत. 2011 साली तिथे अशा 285 मुलींची नावे समारंभाने बदलली. धोंडू आणि नकोशी, दोन्ही नावे कानाला टोचणारीच. एक मूल राहावे म्हणून ठेवलेले, दुसरे आलेच कशाला म्हणून.

आपला गणपतीच घ्या ना. हत्तीचे तोंड, एक दात मोडका, सुटलेले पोट, आणि बसायला उंदीर. परमुलखातल्या माणसाला हे नुसते शब्दांनी सांगा, तो घाबरेल. पण आपल्याला त्याच्याइतके लाडके रूप दुसरे नाही. तेव्हा नुसत्या अवयवांवर काही ठरत नाही. ते रूप कुठे ठेवले आणि कोणत्या भावाने ठेवले, यावर ठरते.

आता लोणारला चला. सरोवर उल्का आदळून झाले हे आज शाळेतली मुलेही सांगतात. पुराणातली कथा अशी की तिथे लवणासुर राहात होता आणि विष्णूने त्याला मारले. त्या विष्णूचे देऊळ म्हणजे लोणार गावातले दैत्यसूदन. (त्याच्या भिंतींवर काही शिल्पे अशी आहेत की बायका पदर तोंडाला लावून पुढे सरकतात. सरकू नये, नीट पाहावे, कोरणी फार सुरेख आहे.) तिथे देवाच्या पायाखाली दैत्यही आहे. दैत्य वगळला असता तर देव नुसताच उभा राहिला असता, कशासाठी उभा हे कळले नसते.

अशा जुन्या हेमाडपंती देवळांत उंबरठ्यावर आणि खांबांवर एक तोंड कोरलेले दिसते. बटबटीत डोळे, वासलेला जबडा, आणि खाली धड नाही. हे कीर्तिमुख. स्कंदपुराणातली त्याची कथा मला फार आवडते. जालंधर दैत्याने राहूला शंकराकडे पाठवले आणि निरोप दिला की पार्वती मला दे. शंकराच्या कोपातून एक भुकेला सिंहमुखी प्राणी निघाला आणि राहूला खायला धावला. राहू शरण आला. मग तो प्राणी म्हणाला, आता मी खाऊ काय? शंकर म्हणाले, स्वतःचेच हातपाय खा. त्याने खाल्ले, आणि खाता खाता नुसते तोंड उरले. शंकर प्रसन्न झाले, त्याला कीर्तिमुख नाव दिले आणि आपल्या दारात कायमची जागा दिली. ती भूक कुणा एकाची नव्हे. आत जाणाऱ्या प्रत्येकाने ती ओलांडूनच जायचे. एकनाथांनी विंचवाचे भारूड रचले तेही याच रीतीने. तो विंचू कामक्रोधाचा, म्हणून तो ऐकणाऱ्या सगळ्यांनाच चावतो.

पण हेच रूप जिवंत माणसावर चिकटवले तर? नागपूरची मारबत घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन बायांच्या मोठ्या मूर्ती मिरवतात आणि रोगराई घेऊन जा म्हणत गावाबाहेर नेतात. काळी मारबत ही इंग्रजांना मिळालेल्या बाकाबाई भोसले, असे मानतात. सोबत बडगे असतात, ते पुरुषांचे पुतळे. बडगे दरसाल बदलतात, कधी महागाईचा, कधी लाचखाऊ पुढाऱ्याचा. बाई मात्र तीच राहते.

भाषेतही तेच. ‘कामाला राक्षस आहे’ म्हटले की पुरुषाची छाती फुगते. बाईसाठी मात्र कैदाशीण, हडळ, जखीण, अवदसा, त्राटिका, चेटकीण, आणि यांत कौतुकाचा एकही नाही. माझ्या लहानपणी आमच्या आळीत एक आजी होत्या. पोरवयात देवी आल्या, तोंडभर वण राहिले आणि एक डोळा गेला. आया मुलांना घास भरवताना त्यांच्या नावाने भीती दाखवीत. त्या पहाटे कुणी उठायच्या आत पाणी भरून घेत आणि हळदीकुंकवाला कुणाकडे जात नसत. देवीचा रोग 1975 सालानंतर आपल्या देशातून गेला. त्यांना पडलेले नाव मात्र त्यांच्याबरोबरच गेले.

चेटकीण हा शब्द तर घराबाहेर पडला की जीवावर बेततो. मूल दगावले, म्हैस आटली, की एखाद्या एकट्या बाईकडे बोट जाते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी खून झाला, आणि त्याच साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कुणी करणी करते, कुणाच्या अंगात सैतान आहे, असे म्हणून एखाद्याला छळणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. अशा तक्रारीसाठी पोलिसांत दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. पण एकटीने ठाण्यात जायला कुणीही बिचकेल. तेव्हा प्रसंग पडला तर मंडळातर्फे बरोबर कोणी कोणी जायचे, ती नावे पुढच्या बैठकीत लिहून घ्यावीत, अशी माझी सूचना आहे. दोन नावे आत्ताच धरा. एक माझे, आणि दुसरे माझ्या जाऊबाईंचे, त्यांना मी विचारले आहे.