न दिसणारा चेहरा

चित्रांतील भावना आपण प्रथम चेहऱ्यावर शोधतों. नॉर्वेचा प्रतीकवादी चित्रकार एडवर्ड मुंक याचें १८८५-८६ मधील 'आजारी मुलगी' हें चित्र मात्र ही सवय मोडतें. त्याची बहीण सोफी १८७७ सालीं, अवघ्या १५ व्या वर्षीं, क्षयानें वारली; तिचीच ही आठवण. उशीला टेकलेल्या मुलीचा फिकट चेहरा शांत आहे. खरा शोक आहे तो शेजारीं बसलेल्या स्त्रीच्या वांकलेल्या मानेंत. तिचें तोंड दिसतच नाहीं. दोघींचे हात जेथें मिळतात तेथें बोटेंहि अस्पष्ट. मुंकनें रंग चढविले, खरवडले, पुन्हा चढविले. १८८६ च्या प्रदर्शनांत टीकाकारांना तें काम अपुरें वाटलें. मला तर ते ओरखडेच अधिक बोलके वाटतात. पुढील चाळीस वर्षांत त्यानें हाच विषय आणखी पांच वेळां रंगविला.