तुटलेला ज्ञानतंतु पुन्हा कसा वाढतो

लातूर जिल्ह्यांतील मुरुडच्या शिवारांत ऊस तोडतांना कोयता निसटून मनगटावर बसला, तर वरची जखम कांहीं दिवसांत भरून येते. पण एखादें बोट मात्र बधिरच राहतें. त्यास सुईची टोंच कळत नाहीं कीं विस्तवाचा चटका कळत नाहीं. घरचीं माणसें म्हणतात, बोट मेलें! श्रोतेहो, हा निर्णय घाईचा आहे. बोट मेलेलें नसतें. त्याच्याकडे जाणारी वाट तुटलेली असते, आणि ती पुन्हा बांधण्याची शक्ति शरीरांत असते.

बोटाच्या टोंकाशीं असलेला ज्ञानतंतूचा धागा थेट मानेजवळच्या मज्जापेशीपर्यंत गेलेला असतो. पेशी डोळ्यांस न दिसणारी, पण तिचा धागा हातभर लांब! तो मनगटाशीं तुटला, कीं तुटक्या तोंडांतून कॅल्शियम आंत शिरतें. पानाच्या चुन्यांत असतें तेंच हें द्रव्य. पेशीस मिळालेली ही पहिली वर्दी. मग पेशींत 'चक्रीय ए. एम. पी.' नांवाचें रसायन कामास लागतें. तें शोधून काढणारे अमेरिकन शास्त्रज्ञ अर्ल सदरलँड यांस १९७१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. असे निरोप पेशीच्या केंद्रांत पोंचले, म्हणजे वाढीचीं जनुकें जागीं होतात आणि नव्या धाग्याचें सामान तयार होऊं लागतें.

वाढत्या धाग्याच्या अग्राशीं पंजासारखा पसरट भाग असतो. स्पेनचे रामोन इ काखाल यांनीं १८९० सालीं त्याचें वर्णन केलें. हा 'वाढीचा शंकु' आंधळ्याच्या काठीप्रमाणें वाट चांचपतो. आंतील कॅल्शियम बेताचें असेल तर तो पुढें सरकतो. अति झालें तर थबकतो. पुण्याच्या 'आयसर' संस्थेंत या शंकूच्या हालचालींवर संशोधन झालेलें आहे.

या वाढीचा वेग दिवसास सुमारें एक मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोंकापर्यंत अंतर वीतभरच. पण तें तोडण्यास सहा महिने किंवा अधिक लागतात. त्वचेवर हलकेंच ठोकल्यास मुंग्या येण्याची जागा महिन्यामहिन्यास पुढें सरकली, तर धागा वाढत आहे असें समजावें. ही खूण फ्रान्सचे झूल तिनेल यांनीं १९१५ सालीं नोंदविली.

पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूचें मात्र असें नाहीं. तेथील प्रौढ पेशींची वाढीची उमेद ओसरलेली असते, आणि भोंवतालचीं द्रव्येंही वाट अडवितात. पेशींतील चक्रीय ए. एम. पी. वाढवून उंदरांच्या मज्जारज्जूंतील कांहीं धागे वाढल्याचें २००२ सालीं दिसून आलें. मनुष्यासाठीं खात्रीचा उपचार मात्र अद्याप हातीं आलेला नाहीं.

परंतु हाताच्या ज्ञानतंतूस आशा आहे. अट एवढीच, कीं तुटलेलीं टोंकें एकमेकांस भेटलीं पाहिजेत. म्हणून जखमेनंतर बोट बधिर झाल्यास हळद दाबून घरीं न बसतां शस्त्रवैद्य गांठावा. तो सूक्ष्म टांक्यांनीं तीं टोंकें जुळवितो. विलंब जितका अधिक, तितकी पेशीची उमेद कमी. आणि वाट पूर्ण होईपर्यंत तें बधिर बोट चुलीपासून व धारेपासून जपावें. कारण त्याच्याकडे निघालेला धागा रोज एक मिलिमीटर चालत असतो.